कडेची पात

रविवार, १० नोव्हेंबर

निगडीच्या बस टर्मिनसवर चाकणच्या गाडीची वाट बघताना स्नेहलने बॅग खाली ठेवली आणि विचारलं, तू पण येतोस का शेतावर, तसाही रिकामाच फिरतोस. माझं जे काही बदललं ते त्या एका प्रश्नाने बदललं. मी मागचा-पुढचा विचार न करता हो म्हणालो. विचार करून हो म्हणायची आपली पद्धतच नाही.

आज सामान घेऊन आलो. म्हाळुंगे मागे टाकलं, कंटेनरच्या रांगेतून वाट काढली, दोन कंपन्यांच्या मधल्या बोळात शिरलो आणि एकदम समोर शेत. अडीच एकर काळी जमीन. तीन बाजूंना कंपन्यांच्या उंच भिंती, चौथ्या बाजूला तो बोळ. मध्ये बटाटा हिरवागार उभा. भिंतीपलीकडे प्रेसची मशिनं धडधडतात आणि अलीकडे साळुंक्या फिरतात. मला हसूच आलं.

येन्सकाका बोळाच्या तोंडाशी घ्यायला आले होते. साठी ओलांडलेला माणूस, उंच, गुडघ्यांवर ठिगळं लावलेली पँट. डेन्मार्कहून त्यांच्यासोबत आणखी सहा जण आलेत. त्यांची मिशन ट्रिप वर्षभराची आहे. वर्षभर परक्या मातीत अंगमेहनत करायची, यंत्र वापरायचं नाही, कुणाला उपदेश करायचा नाही, आणि पिकेल ते आसपासच्या मजूर वस्त्यांतल्या चुलींना द्यायचं. मी त्यांना इंग्रजीत विचारलं, मला देव बदलावा लागेल का. ते हसले आणि म्हणाले, आधी चपला बदल, या चपलांनी पाय कापून घेशील.

स्नेहल त्यांची दुभाषी. प्राधिकरणात घर, वडील चर्चमध्ये पेटी वाजवतात. मी दुसरा दुभाषी आणि वर मजूर.

निघताना माझ्या वडिलांनी, अण्णांनी, टोला हाणलाच. म्हणाले, घरची जमीन होती तेव्हा खुरप्याला हात लावला नाहीस, आता गोऱ्यांच्या रानात राबायला निघालास. पिंपळे सौदागरला जिथं आमची जमीन होती तिथं आता सोसायटीचा पोहायचा तलाव आहे, त्यामुळे खुरपं लावणार तरी कुठे होतो मी. मग म्हणाले, बघू किती टिकतोस. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडल्यापासून त्यांचं प्रत्येक वाक्य असं शेपटीत डंख घेऊन येतं. सरांनी सगळ्या वर्गासमोर अपमान केला, मी जर्नल टेबलावर आपटून बाहेर पडलो. अजूनही मला त्यात काही चूक वाटत नाही.

असो. पत्र्याच्या खोलीत पलंग आहे, गजांची खिडकी आहे, आणि दोन खोल्या सोडून स्नेहल आहे. अजून काय पाहिजे राव.

बुधवार, १३ नोव्हेंबर

हाताला फोड आले. पाठ अशी दुखते की पलंगावर पडताना मी स्वतःलाच शिव्या देतो. पण मजा येतेय.

काम शिकवायला गावातल्या छबूबाई येतात. जमिनीचे मालक मारुतराव यांनीच त्यांना लावून दिलंय. त्यांच्याबरोबर आणखी तीन-चार बाया. छबूबाईंनी पहिल्या दिवशी माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाल्या, नवनाथा, ह्ये हात मोबाईलचं हायती, खुरप्याचं न्हाईत. तोंडाने फटकळ बाई आहे, पण भाकरी आपल्यातली अर्धी काढून देते.

खुरपणीची रीत अशी. सगळ्यांनी बांधावर ओळीने बसायचं. प्रत्येकाने आपल्यापुढच्या दोन सऱ्या धरायच्या, त्याला पात म्हणतात. पात धरली की गवत काढत काढत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. अर्ध्यात उठायचं नाही. उठणं भागच असेल तर दुसऱ्या कुणीतरी मी धरते असं म्हणावं लागतं आणि खुरपं लावावं लागतं, तेव्हा पहिलीची सुटका. येन्सकाकांना ही रीत फार आवडली. ते एकसारखे मी धरते, मी धरते असं घोकत होते, आणि बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

अजून एक आहे. ज्याची पात मागे राहते त्याच्यासाठी दुसरा कुणीतरी समोरच्या टोकाकडून खुरपत येतो. दोघं मध्ये भेटले की पात सरली. काल सगळ्यांच्या पाती उरकल्या आणि माझी एकट्याची राहिली. स्नेहल समोरून खुरपत आली. शेवटची हराळीची जुडी आम्ही दोघांनी एकदमच उपटली, डोक्याला डोकं लागलं. छबूबाई तिकडून ओरडल्या, घ्या, लागलं लगीन, मधी भेटल्याली दोघं एकाच वाटंनं घरला जात्यात. स्नेहल लाल झाली. रात्रभर मला त्या एका वाक्याने झोप नाही.

पश्चिमेच्या भिंतीला लागून एक पात तशीच सोडलेली आहे. बटाटा नाही, काही नाही, गुडघाभर लव्हाळा आणि हराळी. मारुतरावांनी जमीन देताना एवढंच सांगितलं होतं की कड सोडा. येन्सकाकांना त्याचाही आनंद झाला. त्यांच्या धर्मग्रंथातही शेताची कड गरिबासाठी, परक्यासाठी सोडायला सांगितलीय म्हणे. मारुतराव नुसते मान हलवत राहिले. गरिबाचं नाव त्यांनी काढलं नव्हतं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज माझी सटकली, आणि मी एक गोष्ट केली. वाईट काही नाही. तरी मघापासून कुणी माझ्याशी सरळ बोलत नाहीये.

सकाळी स्नेहल म्हणाली की नाताळला मला घरी नेईल. आईबाबांना सांगेल. मी हवेतच. मग दुपारी भाकरी खाताना ती सहज म्हणाली, बाबा विचारतील मुलगा काय करतो, तर काय सांगू, अर्ध्यात सोडतो? तिने हसत म्हटलं होतं. पण छबूबाईंना कोलीत मिळालं. म्हणाल्या, खरंच की, कालेज अर्ध्यात, पात अर्ध्यात, बघ बाई, लग्नात अंतरपाटामागनं पळंल. बाया फिदीफिदी हसल्या.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी उठलो, खुरपं घेतलं आणि भिंतीकडच्या त्या सोडलेल्या पातीत जाऊन बसलो. म्हटलं, ही जी कुणाच्याने झाली नाही ती मी करून दाखवतो. आणि पहिली जुडी उपटली.

हसणं थांबलं. छबूबाई उभ्या राहिल्या. उठ म्हणाल्या, आदी उठ तितनं. मी म्हणालो, मग कुणीतरी धरते म्हणा, उठतो. रीतच आहे ना तुमची.

कुणी म्हटलं नाही. एकेक बाई खाली बघायला लागली. भिंतीपलीकडची प्रेस तेवढी धडधडत होती. मला वाटलं, जिरवली यांची.

दुपारच्या शिफ्टचा भोंगा झाला, मग सूर्य भिंतीआड गेला. पाव पातही झाली नव्हती. लव्हाळा चिवट असतो. मी खुरपं तिथंच मातीत रोवून उठलो. बाया आज माझ्यासाठी थांबल्या नाहीत, कधीच निघून गेल्या होत्या.

शनिवार, २३ नोव्हेंबर

मी काढलेलं गवत परत आलं. दोन दिवसांत, तेवढंच, गुडघाभर. लव्हाळ्याच्या गाठी खाली राहतात, त्यातून फुटतं, असं येन्सकाका म्हणाले. पण ते स्वतःही वाकून बराच वेळ बघत राहिले.

पण चांगली बातमी पुढे आहे. पातीच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी खुरपलंय. स्वच्छ, नखाएवढं गवत नाही. आणि बांधावर जुड्या मांडून ठेवल्यात, मुळांची माती झटकून, प्रत्येक जुडी तिच्यातल्याच एका काडीने बांधलेली. इतकं नाजूक काम कोण करणार. मला कळायचं ते कळलं. सगळे मला टाळत असताना ही बया गुपचूप समोरून येतेय.

मी पण काही बोललो नाही. दिवसभर खुरपत राहिलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा समोरच्या उंच गवतातून खुरप्याचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र, मग माती झटकल्याचा आवाज, मग जरा शांतता, म्हणजे जुडी बांधत असणार. गवताचे शेंडे हलत होते. मी हाक मारली, मधे भेटू गं.

आवाज थांबला. मग परत सुरू झाला, आधीपेक्षा भराभर.

तेवढ्यात माझ्या मागून पाठीवर थाप पडली. स्नेहल होती. पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मी कुणाशी बोलतोय असं विचारत होती.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सगळं सविस्तर लिहितो, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे हे मलाच पटेल.

सकाळी ठरवलं, दोन दिवस घरी जाऊन यावं. पातीवर बसायचं नाही असं ठरवूनही मी रोज तिथंच बसतोय. उठून दात घासतो आणि मग एकदम खुरपं हातात असतं. मधलं आठवत नाही. म्हणून म्हटलं, घरी. अण्णांची बोलणी खाऊ, पण घरी.

बोळातून निघालो. डाव्या हाताला कंपनीची भिंत. वर काटेरी तारा, मध्येमध्ये शेवाळाचे डाग. पुढे रस्त्यावरच्या कंटेनरचे हॉर्न ऐकू येत होते. हा बोळ मी रोज चालतो, बोलता बोलता संपतो. आज भिंत संपेना. हॉर्न तेवढेच लांब राहिले. एक डाग ओळखीचा वाटला, म्हणून त्यावर नखाने रेघ मारली. जरा पुढे गेलो, तर रेघेचा डाग समोर. पळालो. घाम पुसायला थांबलो. ऊन कलत गेलं, सावली माझ्या पुढे पडायला लागली, आणि भिंत डाव्या हाताला होतीच.

मग भोंगा झाला आणि पायाखाली माती मऊ लागली. मी पातीच्या टोकाशी उभा होतो. माझं खुरपं जिथं रोवलं होतं तिथंच होतं. पातं कुणीतरी पुसून ठेवलं होतं.

स्नेहलला सांगितलं. ती म्हणते, तू दिवसभर इथंच खुरपत होतास, जेवायलाही उठला नाहीस, दोनदा हाक मारली.

मंगळवार, ३ डिसेंबर

छबूबाई बोलल्या एकदाच्या. मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा.

मारुतरावांच्या घरात त्यांची मोठी चुलती होती, यशोदाबाई. कंपन्या यायच्या आधीची गोष्ट. कामाला वाघ, पण त्या उन्हाळ्यात अंगात ताप होता. तरी खुरपायला आली आणि तिच्या वाट्याला कडेची पात आली. मध्यावर येऊन म्हणाली, बायांनो, मला काय व्हईना, कुणी धरा गं. बाकीच्या आपापल्या पाती उरकून घराकडे निघालेल्या. प्रत्येकीला वाटलं दुसरी धरेल. छबूबाईंची सासू त्यांतलीच एक. कुणीच मी धरते म्हटलं नाही. संध्याकाळी मारुतरावांचे वडील बघायला गेले तर ती पातीत तशीच बसलेली, वाकून, जुडी हातात.

तेव्हापासून ती पात धरत नाहीत. तिची हाय, तिला करू द्यावी, असं छबूबाई म्हणाल्या. एकटीची कदीच सरत न्हाई. समोरनं कुणी धरलं तरच सरंल.

मी विचारलं, आणि सरली की.

त्यांनी खुरप्याच्या मुठीवरची माती काढली. मग म्हणाल्या, मधी भेटल्याली दोघं एकाच वाटंनं जात्यात. मीच बोलले व्हते न्हवं तुला, चेष्टेत.

बांधावर मांडलेल्या त्या जुड्या मी दाखवल्या. त्यांनी हात लावला नाही. लांबूनच म्हणाल्या, व्हय, तिचीच गाठ.

रविवार, ८ डिसेंबर

येन्सकाकांना सगळं सांगितलं. वाटलं होतं हसतील. ते म्हणाले, म्हणजे तिने मदत मागितली आणि सगळे घरी गेले. एवढंच त्यांच्या मनाला लागलं. भूत वगैरे त्यांनी ऐकलंच नाही जणू.

दुपारी ते माझ्याशेजारी येऊन गुडघ्यावर बसले. माझ्या हातावर हात ठेवला, त्यांच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाले, मी धरते. आणि खुरपं घेतलं.

माझी पाठ सरळ झाली. किती दिवसांनी मी आभाळ बघितलं. बोटं उघडली. मी बोळातून चालत गेलो आणि बोळ संपला, साधा, रोजच्यासारखा. टपरीवर चहा घेतला. निगडीची बस आली. बसलो. खिडकीतून वारा येत होता. येन्सकाकांचा विचार मी मुद्दाम केला नाही. हेही लिहून ठेवतो.

तळवड्याच्या अलीकडे फोन वाजला. स्नेहल रडत होती. काका पातीत कोसळलेत, पोरांनी उचलून गाडीत घातलंय, हॉस्पिटलला नेतोय. मी म्हटलं, मी आलो, आणि फोन खाली घेतला, तर हातात फोन नव्हता. खुरपं होतं. गुडघ्याखाली माती. बांधावर काकांची टोपी पडलेली.

धरणारा मध्येच उचलून नेला तर पात आधी धरलेल्याच्या गळ्यात. छबूबाईंनी हे सांगितलं नव्हतं. बहुतेक त्यांनाही माहीत नसावं.

गुरुवार, १२ डिसेंबर

काका पिंपरीच्या हॉस्पिटलात. शुद्धीवर नाहीत. बाकीची मंडळी आळीपाळीने तिथंच. स्नेहल बघून आली. म्हणाली, डोळे मिटलेले असतात पण हात थांबत नाहीत. चादरीतले धागे काढतात. एकेक. काढून उशाशी ठेवतात.

बांधून? असं मी विचारलं.

तिने मला इथून लांब न्यायला मंडळींच्या जीपमध्ये घातलं. दार लॉक केलं. स्वतः चालवली. ती सांगते, तळवड्याच्या चौकापर्यंत मी शेजारी बसून बोलत होतो, तिच्या बाबांना कोणता शर्ट घालून भेटू ते विचारत होतो. सिग्नलला तिने वळून बघितलं तर सीट रिकामी. पट्टा लावलेला तसाच.

मला फक्त गवत आठवतं.

सोमवार, १६ डिसेंबर

अंतर कमी होतंय. माझं गवत परत उगवायचं थांबलं आहे. दहा तारखेपासून. जेवढं काढतो तेवढं निघून जातं. तिला घाई आहे.

आज ऊन लख्ख होतं. गवताच्या मुळाशी हात दिसला. बाईचा. नखांत माती. हिरवी काकणं, एक फुटकी. जुडी बांधत होती. किती सावकाश बांधत होती. बांधून झाल्यावर तिने ती माझ्या बाजूला ठेवली. माझ्या.

हात खुरप्याच्या मुठीच्या आकाराचाच झालाय. पेन धरता येत नाही नीट. खुरपं धरल्यासारखं धरून लिहितोय. पाठ सरळ होत नाही. झोपतो ते कुशीवर, वाकून—

मारुतराव आले होते. बांधापलीकडूनच. म्हणाले, पोरा, मी कड सोडा म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, का ते का नाही सांगितलं. त्यावर ते म्हणाले, सांगितलं असतं तर जमीन घेतली असती का कुणी.

रागसुद्धा आला नाही मला. आश्चर्य वाटलं त्याचं.

शुक्रवार, २० डिसेंबर

बाया येत नाहीत. छबूबाई येतात, बोळाच्या तोंडाशी भाकरी ठेवतात, जातात.

घामाचा वास येतो समोरून. तापाचाही. आज ती एकदा कण्हली. मी घाबरलो नाही. मला तिची कीव आली, आणि त्याचीच भीती वाटली.

मधलं गवत आता एका खाटेएवढं.

रविवार, २२ डिसेंबर

स्नेहलला कळलं. छबूबाईंनी सांगितलं असणार. ती म्हणते, तुझ्या जागी मी धरते. मी म्हटलं, वेडी आहेस का. ती म्हणते, काका पातीत होते तेव्हा तू सुटलास ना. मग मी धरते, तू सूट, मग बघू.

मग बघू.

एक क्षण मला हायसं वाटलं. खरं सांगतो. निगडीची बस, वारा, सगळं एकदम समोर आलं. तोंडातून हो निघणारच होतं—

मग तिच्या हातांकडे बघितलं.

मी खुरपं लपवलं. पत्र्यावर फेकून दिलं. सकाळी दाराशी होतं. पुसलेलं.

सोमवार, २३ डिसेंबर

ती इथंच बसलीय, माझ्या खोलीत. हलत नाही. उद्या सकाळी पातीवर जाऊन बसणार म्हणते, तू काय करायचं ते कर. माझ्याहून तापट निघाली. मी ओरडलो. तीही ओरडली. बाबांना सांगितलंय म्हणे तिने. माझ्याबद्दल. परवा जेवायला बोलावलंय. आईने शर्टाचं माप विचारलंय.

मी रडलो. तीही.

मी निघून जाऊ नये म्हणून तिने आपली ओढणी माझ्या मनगटाला बांधली. दुसरं टोक स्वतःच्या. गाठ मारताना मी तिची बोटं बघत होतो. स्नेहलची गाठ साधी आहे. सुटेल.

मंगळवार, २४ डिसेंबर

उजाडतंय. ती झोपलीय, बसल्या बसल्या, भिंतीला डोकं टेकून. तोंड जरा उघडं.

ओढणी सोडली.

हातभर गवत राहिलंय. यशोदाबाईच्या आणि माझ्या मध्ये. मी नाही गेलो तर ही जाईल. काका जगले, आणि परत आले, तर तेही बसतील. तो माणूस बसेलच. कुणीतरी बसणारच, चांगलं माणूस असलं की—

ही एक पात तरी शेवटाला नेतो. अण्णांना सांगा.

छबूबाई भाकरी घेऊन येतील, तुझी हाक ऐकून त्या कडी काढतील. तोपर्यंत सरलेली असेल. स्नेहल, तू त्यांच्याबरोबर बोळाने जा, भिंत संपेल. जेवायला जा घरी. शर्ट कुणालाही द्या.

पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला. समोरून आवाज येतोय. खर्र. थांबतोय. खर्र. वाट बघतेय ती. पाठ तिचीही दुखत असेल.

पायरीवर बसून लिहितोय. दार ओढून घेतलं. बाहेरून कडी घातली, कुलूपही, किल्ली कुलपातच. वही दाराच्या फटीतून आत सरकवतो, तेवढं लिहून—

जागी झाली. दार हलवतेय. स्नेहल, नको. धरते म्हणू नकोस. कितीही हलव, मी उघडणार नाही. ही माझी आहे, मी धर